ड्रेसरची मुलाम्याची भांडी

व्हिक्टोरियाकालीन ब्रिटनमध्ये क्रिस्टोफर ड्रेसर (१८३४–१९०४) याने आखलेली, चांदीचा मुलामा दिलेली जेवणाच्या टेबलावरची भांडी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन पेढीने १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. पुढे भांडे बहुधा जर्मन सिल्व्हरचे घडवीत (नावात चांदी असली तरी हा तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू) आणि मग त्यावर चांदीचा पातळ थर चढवीत. आधीच्या शेफील्ड प्लेटमध्ये तांब्यावर चांदीचा पत्रा अगोदरच जोडलेला असे. कापलेल्या कडेला तांबे उघडे पडे आणि ते झाकावे लागे. नव्या रीतीत कडा, सांधे, रिव्हेट सगळेच चांदीखाली गेले. यावरून ड्रेसरचे साधे आकार म्हणजे तंत्राचीच देणगी, असा तर्क करता येतो. पण तो टिकत नाही. त्याच तंत्राने वेलबुट्टी आणि मूर्तीही स्वस्तात उठवता येऊ लागल्या, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात एल्किंग्टनने मांडलेला माल नक्षीने भरलेला होता. वाटा दोन्ही खुल्या होत्या. साधेपणा ही आखणाऱ्याची निवड होती.

ड्रेसर ग्लासगोचा, मूळचा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक. १८७३ च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ डेकोरेटिव्ह डिझाइन’ या ग्रंथात त्याने ओतायच्या भांड्यासाठी नियमच घालून दिला : मुठीच्या मध्यातून भांड्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत रेषा काढावी आणि तोटी त्या रेषेशी काटकोनात असावी, म्हणजे ओतताना वजन तोलले जाते. मौल्यवान धातू बेताने वापरावा, हाही त्याचा आग्रह. हुकिन अँड हीथ पेढीसाठी त्याने आखलेल्या १८८० च्या सुमाराच्या सूपपात्रात हे सारे दिसते : गोलसर पोट, तीन पाय, आणि उष्णता हाताला लागू नये म्हणून आबनुसाच्या सरळ मुठी. त्याच्या टोस्ट-स्टँडमध्ये तर उभ्या-आडव्या सळ्यांपलीकडे फारसे काही नाही. टोस्टचे काप सुटे राहतात, वाफ निघून जाते, ते मऊ पडत नाहीत. नक्षीला तिथे काही कामच उरत नाही.

हा सगळा जपानचा प्रभाव, असा एक आक्षेप आहे. जपानी वस्तू ड्रेसरने आधीच पाहिल्या होत्या आणि उघड्या रिव्हेटांत तो प्रभाव मान्य करावाच लागतो. पण जपानचा प्रवास १८७६–७७ चा, तोटी-मुठीचा नियम त्याआधीचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्ससाठी त्याने आखलेल्या एका चौकोनी चहादाणीच्या पोटात आरपार चौकोनी भोक आहे. त्याने चहा कमी मावतो आणि आतले कोपरे घासताना हात थकावा. इथे उपयुक्तता नाही, चमत्कृती आहे. शिवाय कापड, भिंतीचा कागद, गालिचे यांसाठी हाच माणूस आयुष्यभर नक्षी काढत होता. त्यामुळे विसाव्या शतकातील आधुनिकतावादाचा पूर्वज म्हणून त्याला मिरवणे अर्धेच खरे आहे. त्याच्या उपयुक्ततेची पारख सूपपात्र आणि टोस्ट-स्टँड यांवरून करावी. भोकाची चहादाणी संग्रहालयासाठीच बरी.