दोहा : मोती, वायू आणि श्रम
कतारची राजधानी दोहा हे एकोणिसाव्या शतकात मोती काढणाऱ्यांचे लहान गाव होते. येथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६६ पर्यंत येथील व्यवहारात रुपयाच चालत असे. मोत्यांसाठी समुद्रात उतरणारा पाणबुड्या मात्र गरीबच राही. हंगामापूर्वी तो नाखव्याकडून उचल घेई. ती फिटल्याशिवाय दुसऱ्या नाखव्याकडे जाणे अवघड असे.

१९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांमुळे हा धंदा बुडाला. पुढे दुखान येथे तेल सापडले, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे त्याची निर्यात १९४९ मध्ये सुरू झाली. १९७१ मध्ये कतार स्वतंत्र झाला. त्याच वर्षी समुद्रातील ‘नॉर्थ फील्ड’ या प्रचंड वायुक्षेत्राचा शोध लागला. द्रवरूप वायूच्या निर्यातीतून आजचे गगनचुंबी दोहा उभे राहिले.

या इमारती प्रामुख्याने भारत, नेपाळ व बांगलादेशातील स्थलांतरित मजुरांनी बांधल्या. ‘कफाला’ पद्धतीमुळे त्यांनाही मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येत नसे. ही अट २०२० मध्ये कायद्याने रद्द झाली. संपत्तीचा स्रोत बदलला, तरी श्रमिकाला मालकाशी बांधून ठेवण्याची रीत दीर्घकाळ टिकली, हे दोहाच्या इतिहासातून लक्षात येते.