मसाई पठार

मसाई पठार : कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सपाट पठार. पन्हाळगडाच्या पश्चिमेस, वारणा व कासारी या नद्यांची खोरी अलग करणाऱ्या डोंगररांगेवर ते पसरले आहे. पठारावर मसाई देवीचे मंदिर आहे. डोंगरउतारावर पांडवदरा नावाची लेणी आहेत.

एप्रिल-मे महिन्यांत येथे आलेल्याला हा मुलूख निव्वळ ओसाड वाटतो. सावलीला झाड नाही; तांबूस-काळा कातळ, त्यावर करपलेले गवत आणि अनवाणी पाय टेकवणार नाही असा तापलेला दगड. राजस्थानातील थरच्या वाळवंटात पाऊसच कमी. येथे मात्र चार महिने पाऊस कोसळतो, पण तो धरून ठेवायला मातीच नाही. असल्या जागेला सडा म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज उष्ण व दमट हवेत लाखो वर्षे होत राहिली, त्यातील सिलिका विरघळून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली, हाच जांभा. तो सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपते व खाली कडेच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. माथा कोरडा आणि पायथ्याची वाडी झऱ्यावर जगणारी, असा प्रकार सह्याद्रीच्या या भागात बराच आढळतो.

कातळावरील मातीचा थर जेमतेम काही बोटांचा. तिच्यात नत्र व स्फुरद अत्यल्प. त्यामुळे येथील वनस्पतींनी वाळवंटी वनस्पतींचेच मार्ग धरले आहेत. काही पहिल्या पावसाबरोबर उगवून, फुलून, बी टाकून पाऊस सरायच्या आत संपतात. काही कंदरूपाने आठ महिने जमिनीत दडून राहतात. कंदीलपुष्पाच्या जाती यांतल्याच. सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पतींनी तर जमिनीत न मिळणारे नत्र कीटकांकडून मिळवले आहे. दवबिंदूच्या पानावरील चिकट थेंबांत किडा अडकतो. सीतेची आसवे दिसायला इवलीशी, नाजूक, जांभळी. तिचे सूक्ष्म सापळे ओल्या चिखलात व पाण्यात दडलेले असतात. कीटकभक्षणाचा हा उद्योग पाहायला आलेल्याने फुलांपेक्षा खाली चिखलाकडे पाहावे. तेथे मात्र भिंगाशिवाय काही दिसत नाही.

ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर गेंद, तेरडा, कवला व सोनकी यांनी सडा रंगतो. चिलीतील अटाकामा वाळवंटात अशी फुले एखाद्याच वर्षी दिसतात. येथे दरवर्षी, आणि तरी साताऱ्याजवळच्या कास पठाराएवढा गवगवा नाही. जिल्ह्यातील वनस्पतींची सविस्तर नोंद श्रीरंग यादव व मिलिंद सरदेसाई यांच्या ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ (२००२) या ग्रंथात आहे.

इतिहासात हे पठार एका रात्रीमुळे ओळखले जाते. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते याच माथ्यावरून, भर पावसात. उघड्या सड्यावर लपायला आडोसा नाही. रात्र व धुके हाच काय तो आसरा. त्याच वाटेने होणाऱ्या पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमणात दर जुलैमध्ये तरुण मंडळी म्हाळुंगे, मसाई, कुंभारवाडी, खोतवाडी अशी वाटचाल करतात. निसरडा कातळ, वारा आणि दाट धुके यांमुळे त्या दिवसांत पठाराची कड कळत नाही. माहितगार बरोबर असावा.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पठाराचा ५.३४ चौ. किमी. भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला. हे महत्त्वाचे, कारण जांभ्याबरोबर बॉक्साइटही सापडते आणि जिल्ह्यातील इतर काही सड्यांवर त्याच्या खाणी झाल्या आहेत. पडीक जमीन म्हणून सड्यांची सरकारदप्तरी जी गणना होत आली, तिने अशा खाणींचे काम सोपे केले. मसाईवर सध्याचा मोठा त्रास वाहनांचा आहे. चाकांखाली मातीचा तुटपुंजा थर दबतो, त्यातील कंद चिरडतात आणि उथळ डबक्यांचा पाणीसाठा फुटतो. तुरेवाला चंडोल व टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. गाडी खाली ठेवून चालत जाणे हेच येथे इष्ट होय.