दंडाची गोळी

१९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. पुढे १९५८ साली अमेरिकेत सिबा कंपनीची ‘डायनाबोल’ ही स्टेरॉइडची गोळी आली. यकृतानं पहिल्याच फेरीत मोडून टाकू नये, अशी तिची रासायनिक घडण. म्हणून ती गिळूनही लागू पडते आणि म्हणूनच यकृताला जाचते.

पिंपळे गुरवात आमच्या शेजारचा पोरगा अशाच गोळ्या घेतो. म्हणाला, “चाचा, सोबत लिव्हरचं टॉनिक घेतो ना!” पण या गोळ्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट वाढतं. टॉनिकानं ते थांबत नाही. दुखत काहीच नाही. धोका हृदयाला असतो.

मी म्हटलं, “बेटा, आरशात दंडच दिसतात. रक्त तपासून घे आणि डॉक्टरांपासून गोळी लपवू नकोस.”