चिठ्ठी, सही आणि शिक्का

नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरच्या मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळी तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या येतात. पहिली डॉक्टरांच्या हाताची, खिशात चार घड्या पडून मऊ झालेली. दुसरी संगणकावर टाइप झालेली, वर दवाखान्याचे बोधचिन्ह आणि खाली पेनाची सही. तिसरीला कागदच नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी पाठवलेला व्हॉट्सअॅपचा फोटो असतो, नाहीतर फोनवर तपासणी झाल्यावर आलेली पीडीएफ. म्हाळगीनगर चौकातून आत शिरणाऱ्या या रस्त्यावर दवाखाने आणि मेडिकल इतके खेटून आहेत की तिन्ही चिठ्ठ्या एकाच तासात एकाच माणसाच्या हाती पडाव्यात. फार्मसिस्ट तिन्हींवर औषध देतो. कायदा मात्र तिन्हींकडे एका नजरेने पाहत नाही, आणि त्याचे कारण या चिठ्ठीच्या कुळातच आहे.

मुळात चिठ्ठीची गरज पडते ती औषध सांगणारा आणि देणारा वेगळे झाल्यावर. गावच्या वैद्याला चिठ्ठी लागत नव्हती. नाडी तोच पाही, काढा तोच सांगे आणि पुडीही तोच बांधून देई. युरोपात ही फारकत तेराव्या शतकातच कायद्यात आली. सिसिलीवर राज्य करणारा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधविक्रेता हे दोन वेगळे धंदे ठरवले आणि वैद्याला औषधाच्या दुकानात भागीदारी करायला बंदी घातली. औषध लिहिणाऱ्याला ते विकण्यात नफा नसावा, हा त्यामागचा हिशेब. तेव्हापासून दोघांमध्ये कागद आला.

आपल्याकडे हा कागद इंग्रजी डॉक्टरकीबरोबर आला. मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मोठ्या शहरांत युरोपीय पद्धतीची औषधांची दुकाने निघाली. त्यांपैकी केम्प अँड कंपनीचे नाव मुंबईच्या केम्प्स कॉर्नरला अजून चिकटलेले आहे. पण बहुतेक ठिकाणी चिठ्ठी दवाखान्याच्या बाहेर पडतच नव्हती. डॉक्टर लिहीत, खिडकीपलीकडचा कंपाउंडर वाचे. ‘मिक्श्चर’ची बाटली रोग्याने घरून आणायची, तिच्यावर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि एका खाचेइतका डोस सकाळी, एक संध्याकाळी. डॉक्टरांचे अक्षर गिचमिड असले तरी बिघडत नसे, कारण वाचणारा एकच होता आणि वर्षानुवर्षे तोच होता.

हळूहळू दोन्ही टोकांना सरकारी शिक्का बसत गेला. मुंबई इलाख्यात 1912 मध्ये आणि नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात 1916 मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले. चिठ्ठी कोणी लिहावी, हे ठरले. औषध मात्र मोकाट होते. भेसळीचा बोभाटा, त्यातही मलेरियावरच्या कोयनेलचा, इतका वाढला की 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून पुढे 1940 चा औषध कायदा, 1945 चे त्याचे नियम आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. चोप्रा यांचे नाव आज औषधशास्त्राच्या पुस्तकांबाहेर फारसे निघत नाही, पण मेडिकलमध्ये परवाना लावलेली जी चौकट दिसते, तिचा उगम त्यांच्या समितीत आहे.

आजच्या चिठ्ठीचा साचा 1945 च्या नियमांतल्या 65 व्या कलमात आहे. चिठ्ठी लेखी हवी. तिच्यावर लिहिणाऱ्याची नेहमीची सही आणि तारीख हवी. रुग्णाचे नाव, पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि डोस हवा. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच नियमात आणखी एक बारीक अट आहे, आणि सारी मेख तिच्यात आहे. डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल काही लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे आणि देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची. म्हणजे मेडिकलवाल्याने शिक्का मारायचा. हा शिक्का चिठ्ठी खर्ची पडल्याची खूण. ती रुग्णाने दुसऱ्या दुकानात नेली, तर तिथल्या माणसाला कळावे की हे औषध दिले गेले आहे. झोपेच्या गोळ्या चार दुकानांतून चारदा घेता येऊ नयेत, याची 1945 सालची सोय ही एवढीच: कागद एकच आणि त्यावर एक शिक्का.

सोय साधी होती, पण तिला पाळणारी माणसे हवी होती. कारखान्यात तयार होणाऱ्या गोळ्या आल्या, कंपाउंडरची खिडकी बंद झाली आणि चिठ्ठी रस्त्यावर आली. आता ती वाचणारा अनोळखी होता आणि वाचायची होती शेकडो ब्रँडची नावे, एकमेकांशी मिळतीजुळती. गिचमिड अक्षराचा खरा धोका इथून सुरू झाला. अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसा गावी 1995 मध्ये डॉक्टरांनी लिहिलेले ‘आयसॉर्डिल’ औषध दुकानदाराने ‘प्लेंडिल’ असे वाचले. पहिले छातीदुखीवरचे, दुसरे रक्तदाबाचे. डोसचा आकडा प्लेंडिलच्या रोजच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त होता. रुग्ण दगावला. 1999 मध्ये ज्यूरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि ती डॉक्टर व फार्मसिस्ट दोघांवर टाकली.

आपल्याकडे अक्षरावर उपाय सुचायला बराच वेळ गेला. 2016 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या नियमांत बदल करून औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे सांगितले. 2018 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने न वाचता येणाऱ्या वैद्यकीय अहवालांबद्दल डॉक्टरांना पाच-पाच हजारांचा दंड केला. 2025 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाचा मूलभूत हक्क मानला. महाराष्ट्रात कडकपणा आला तो दुसऱ्या बाजूने. 2011 नंतर महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मसिस्ट हजर आहे का, चिठ्ठीशिवाय औषध जाते का, बिल फाडले जाते का, याच्या तपासण्या सुरू झाल्या. केमिस्टांनी बंद पुकारले, आयुक्तांनी परवाने निलंबित केले. ‘चिठ्ठी आहे का?’ हा प्रश्न काउंटरवर ऐकू येऊ लागला तो या धामधुमीत.

संगणकाने अक्षराचा प्रश्न सोडवला, यात वाद नाही. दवाखान्यातल्या प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठी शाळकरी पोरही वाचू शकते. चुकांची जात मात्र बदलली. यादीतून निवडताना एक ओळ खाली क्लिक झाले की दुसरेच औषध सुबक अक्षरांत छापले जाते. मागच्या भेटीची चिठ्ठी तशीच पुढे ओढली की बंद केलेली गोळीही सोबत येते. शिवाय ही चिठ्ठी छापील असली तरी इलेक्ट्रॉनिक नाही. ती कागदावरच जाते, पेनाने सही होते आणि दुकानात हाताने पुन्हा टाइप केली जाते.

खऱ्या अर्थाने इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांच्या संगणकातून दुकानाच्या संगणकात गेलेली नोंद. अशी पहिली चिठ्ठी स्वीडनमध्ये 1983 साली गेली. जानेवारी 2010 मध्ये एस्टोनियाने देशभर ही पद्धत लागू केली: चिठ्ठी सरकारी मध्यवर्ती नोंदीत राहते, रुग्ण कुठल्याही दुकानात ओळखपत्र दाखवतो, औषध मिळते आणि नोंदीत ‘दिले’ अशी खूण पडते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने मार्च 2016 पासून ती सक्तीची केली. तिथे कारण होते अफूजन्य वेदनाशामकांच्या खोट्या आणि चोरलेल्या चिठ्ठ्यांचे. या देशांनी कागद काढताना शिक्काही नव्या जागी नेला.

भारतात कागद सुटला तो घाईत. 2015 च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी चिठ्ठीच्या व्याख्येत ‘लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक’ असे लिहून ठेवले होते, पण 1945 च्या नियमांतली ‘नेहमीची सही’ जागेवरच होती. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघाला. महिनाभरातच, 28 सप्टेंबरला, देशभरच्या केमिस्टांनी दुकाने बंद ठेवली. मसुदा मसुदाच राहिला. मग आले 2020. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्चला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. डॉक्टरांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-चिठ्ठी रुग्णाला पाठवायला मुभा मिळाली. दुसऱ्या दिवशी आरोग्य मंत्रालयाने ईमेलने आलेल्या चिठ्ठीवर औषध घरपोच द्यायला परवानगी दिली. चिठ्ठी जुनाट आजारासाठी 30 दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजारासाठी 7 दिवसांच्या आतली हवी, एवढी अट ठेवली. ई-संजीवनी ही सरकारी सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालीच होती. एप्रिल 2020 मध्ये तिची घरबसल्या ओपीडी उघडली आणि तपासणीनंतर चिठ्ठी थेट मोबाइलवर येऊ लागली.

हुडकेश्वरसारख्या वस्तीत याचा उपयोग उघड आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे असलेले हे गाव आता शहरात आले, तरी मोठ्या दुखण्याला मेडिकल चौकातले शासकीय रुग्णालय किंवा मिहानमधले एम्सच गाठावे लागते. दर महिन्याला त्याच शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसाने केसपेपरच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा फोनवर बोलून घेतलेले बरे. पण फोटो हा कागद नव्हे. तो दहा जणांना पाठवता येतो, दहा दुकानांत दाखवता येतो आणि त्यावर शिक्का मारता येत नाही. काही मेडिकलवाले फोटोची प्रिंट काढून तिच्यावर शिक्का मारतात. नियम पाळल्यासारखा होतो, पण मूळ फोटो ग्राहकाच्या फोनमध्ये कोराच राहतो. सहीचेही तसेच आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली, पण चिठ्ठीखाली चिकटवलेले सहीचे चित्र म्हणजे ती सही नव्हे. चित्र कोणीही उचलून दुसरीकडे डकवू शकतो.

संगणकावर सगळे सोपवण्याचा धसका दवाखान्यांना आहे, तोही अनुभवातून. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली माहिती प्रणाली बंद पडली आणि नोंदी पुन्हा हाताने सुरू झाल्या. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात पुढचे काही दिवस केसपेपर, तपासण्या आणि चिठ्ठ्या पेनानेच लिहिल्या गेल्या.

जोडणीचे सुटे भाग आता जमले आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णासाठी 14 आकडी ‘आभा’ क्रमांक आहे, डॉक्टरांची वेगळी नोंदवही आहे, दवाखान्यांची आणि दुकानांची वेगळी. चिठ्ठी ‘आभा’शी जोडून ठेवता येते. पण त्यात सामील व्हायचे की नाही, हे रुग्णाच्या आणि दवाखान्याच्या मर्जीवर आहे. औषध दिल्यावर देशातल्या प्रत्येक मेडिकलला दिसेल अशी ‘दिले’ची खूण मात्र अजून नाही. एस्टोनियाची व्यवस्था या एका खुणेवर उभी आहे. आपल्याकडे तिचे काम अजून रबरी शिक्काच करतो.

म्हणून धोक्याच्या औषधांपाशी कायदा अजून शाईवरच विसंबतो. क्षयरोगाची औषधे, काही प्रतिजैविके आणि झोपेच्या गोळ्या 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ यादीत आहेत. त्यांची प्रत्येक विक्री डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासकट वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. त्याहून कडक ‘शेड्यूल एक्स’. ही औषधे टेलिमेडिसिनवर लिहून देताच येत नाहीत. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, आणि एक प्रत मेडिकलवाल्याने दोन वर्षे स्वतःकडे ठेवायची. औषध निरीक्षक आला की तो मोबाइल मागत नाही. त्याला ती प्रत आणि ते रजिस्टर लागते.