हलगीला लिपी हवी

आंबेडकरी चळवळीच्या सांस्कृतिक इतिहासात नाशिक जिल्ह्याचे स्थान मोठे आहे, हे वेगळे सांगायला नको. काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथला, १९३५ ची येवल्याची घोषणा येथली, भीमराव कर्डकांचा जलसा येथला, आणि वामनदादा कर्डकांचे देशवंडी हे गावही याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले. या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे, अजून लिहिले जाईल. पण त्याचा एक भाग असा आहे की, ज्याच्यावर लिहायला बसले तर हाताला कागद लागत नाही. तो भाग म्हणजे ठेका.

जलशाची गाणी आज वाचता येतात. खुद्द भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांच्या स्वरूपावर आणि कार्यावर पुस्तक लिहून हा ठेवा आपल्या हाती दिला. वामनदादांची गाणी छापली गेली, शेकडो वह्यांतून उतरली, कंठाकंठातून फिरली. पण त्या गाण्यांमागे ढोलकी कशी चालत होती, कडव्यावरून धृपदावर येताना वादक काय करीत होता, हे कोणत्या पुस्तकात सापडते? २ मार्च १९३० रोजी नाशकात निघालेल्या सत्याग्रहाच्या मिरवणुकीत अग्रभागी बँड होता, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. त्या बँडने कोणता ताल धरला होता? हजारोंची पावले ज्या ठोक्यावर पडली, त्या ठोक्याची नोंद नाही. शब्द उरले, ठोका हवेत विरला.

याचे कारण काय? आमच्यात अक्षरओळख नव्हती, हे एक उत्तर. ते खरे आहे, पण पुरे नाही. अक्षरे शिकलेल्यांनी तरी हलगी कुठे लिहिली? विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी संगीताला लिपी मिळाली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची पुस्तके छापली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आपली वेगळी लिपी बसवली. सम, टाळी, खाली, मात्रा यांना खुणा मिळाल्या. तबल्याचे आणि पखवाजाचे बोल कागदावर आले. जे कागदावर आले ते अभ्यासक्रमात गेले, अभ्यासक्रमातून परीक्षेत, परीक्षेतून पदवीत, आणि पदवीतून नोकरीत. लिपी ही अशी शिडी असते.

पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकात, पंचवटीत, रामनाम आधाराश्रम उभारला. काळाराम मंदिर याच पंचवटीत. १९३० साली आमची माणसे त्याच मंदिराच्या बंद दारांपुढे बसली होती. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण एकाच वस्तीत, एकाच काळात, संगीताची लिपी नांदत होती आणि आमच्या वाद्यांना ती ठाऊकही नव्हती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यायला हवे.

पुढे कायद्यानेही याच भेदावर शिक्का मारला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ची व्याख्या होती. ती अशी की, मेलडी किंवा हार्मनी, किंवा दोहोंची जुळणी, आणि तीही छापलेली, लिहिलेली वा अन्य रीतीने आलेखित केलेली. याचा अर्थ उलगडून पाहा. जे लिहिलेले नाही ते संगीत नव्हे. आणि ज्यात सुरावट नाही, निव्वळ ठेका आहे, त्याला तर व्याख्येत जागाच नाही. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली आणि वादकाला, गायकाला सादरकर्ता म्हणून हक्क मिळाले. म्हणजे स्वतंत्र भारतातसुद्धा जवळजवळ चार दशके हलगी वाजवणारा माणूस कायद्याच्या लेखी संगीताचा कर्ता नव्हता.

इथे आमच्यातलेच काही मित्र विचारतील : ज्या वाद्याने आमच्या बापजाद्यांना गावकीत बांधून ठेवले, त्याची लिपी कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हलगी, डफडे कुठे मांगांच्या वाट्याला होते, कुठे महारांच्या. दवंडी पिटायची ती आम्ही, पाटलाच्या लग्नात पुढे वाजवायचे ते आम्ही, प्रेतयात्रेपुढे चालायचे ते आम्ही. आणि मोबदला म्हणून उष्टे-शिळे. या वतनी गुलामगिरीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणून घाव घातला. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांतून डफडे खाली ठेवले गेले. ते ठेवणे हे बंडच होते. त्या बंडाचा मान राखूनच पुढे बोलले पाहिजे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट घडले. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली काळ्या गुलामांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्याची बंदी झाली; कारण ढोलाच्या आवाजावर माणसे जमतात, हे मालकांनी ओळखले होते. तिथे गुलामाच्या हातातून ढोल हिसकावला, इथे अस्पृश्याच्या गळ्यात अडकवला. दोन्हीकडे एक गोष्ट समान राहिली : कधी वाजवायचे आणि कोणासाठी, हे ठरवणारा वाजवणारा नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की, वेठ आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. दवंडीची सक्ती ही वेठ; ती गेली, जायलाच हवी होती. पण एका हातात जाड टिपरी, दुसऱ्या हातात बारीक लवलवती छडी घेऊन, कातडे विस्तवावर किती शेकले म्हणजे कोणता नाद देईल हे बोटांनी जाणणे, ही विद्या आहे. ती आमच्या माणसांनी घडवली आहे, गावाने दिलेली नाही. वेठीबरोबर विद्याही टाकून दिली तर गावाचे काहीच बिघडत नाही; बिघडते ते आमचे. आणि आज गावाला ती हवीच आहे. ‘नाशिक ढोल’ हे नाव केरळपर्यंत पोहोचले आहे. त्या नावाने ध्वनीचे तयार तुकडे बाजारात विकले जातात, कोणाच्याही गाण्याखाली चिकटवले जातात. शहराचे नाव टिकले; वाजवणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे नाशकातल्या वस्त्यांतल्या हलगीवादकांपाशी बसतो आहे. सोबत दोन-तीन विद्यार्थी असतात आणि एक जुना संगणक. आम्ही ठेके लिहितो आणि ध्वनिमुद्रित करतो. यासाठी लागणारी साधने मुक्त सॉफ्टवेअरची आहेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. तिच्यामागचा विचार साधा आहे : आज्ञावली वापरण्याचे, आतून तपासण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे. ‘फुकट’ हा त्यातला गौण भाग. ‘मुक्त’ हा मुख्य. या विचारावर उभी राहिलेली तीन साधने आम्हांला पुरतात. ध्वनी टिपायला ऑडॅसिटी, तालाची मांडणी करून वाजवून पाहायला हायड्रोजन, आणि कागदावरच्या लिपीसाठी म्यूझस्कोर.

कामाची रीत सांगतो, कारण ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. आधी वादकाकडून एकेक ठोका सुटा घ्यावा : मधोमध जाड टिपरीचा, काठावरचा, छडीचा, दाबून धरलेला. प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोरकस, आणि प्रत्येक प्रकार चार-पाच वेळा. एकच ध्वनी पुनःपुन्हा वाजला तर कानाला ते यंत्र वाटते. म्हणून हायड्रोजनमध्ये एका वाद्याखाली असे अनेक थर ठेवायचे, म्हणजे जोर बदलला की नादही बदलतो. मग लिपी. म्यूझस्कोरमध्ये पाच रेघांऐवजी एकाच रेघेवर लिहिता येते; रेघेवर जाड ठोका, रेघेच्या वर छडी, काठाच्या ठोक्याला फुलीचे चिन्ह. ज्यांना ते परके वाटते त्यांच्यासाठी आम्ही नागरी अक्षरे ठेवली : जाड ठोक्याला ‘ढ’, काठाला ‘ट’, छडीला ‘च’, रिकाम्या जागेला आडवी रेघ. वादक वाचायला शिकलेला नसला तरी आपला ठेका तोंडाने म्हणून दाखवतोच. त्याच्या तोंडचे बोल वेगळे असतील तर त्याचेच लिहावेत.

या कामात एका ठिकाणी अडायला होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. संगणकांची आणि विद्युत्वाद्यांची आपापसांत बोलण्याची मिडी नावाची एक भाषा आहे. तिच्यात ठोक्याचा जोर शून्य ते १२७ या आकड्यांत मोजतात. १९९१ साली तिची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात ३५ ते ८१ या क्रमांकांवर ४७ तालध्वनी नेमून दिले आहेत. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी घडवलेले बोंगो आणि कोंगा तिच्यात आहेत. हलगी नाही, ढोलकी नाही, संबळ नाही, तबलासुद्धा नाही. तेव्हा हलगीला कोणा परक्या वाद्याच्या क्रमांकावर पोटभाडेकरू म्हणून राहावे लागते. मुक्त साधनात ती यादी बदलून क्रमांकापुढे ‘हलगी’ असे आपल्या लिपीत लिहिता येते. ही गोष्ट लहान आहे, पण नाव आपण दिलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. यंत्र सगळे ठोके समान अंतरावर ठेवते, आणि मग ते निर्जीव वाटते. त्यावर उपाय म्हणून हायड्रोजनमध्ये ‘ह्युमनाइझ’, म्हणजे मानवी करण्याची, सोय आहे. ती काय करते? ठोक्यांची वेळ आणि जोर थोडा थोडा, कसाही, पुढेमागे हलवते. माणूसपण म्हणजे अनियमित चूक, अशी त्या सोयीमागची समजूत. पण आम्ही वादकाचे वाजवणे ऑडॅसिटीत घेऊन प्रत्येक ठोक्यावर खूण केली आणि अंतरे मोजली, तेव्हा वेगळेच दिसले. छडीचा ठोका प्रत्येक आवर्तनात त्याच जागी, तितकाच उशिरा येत होता. तो उशीर म्हणजे शिक्षण होते. बापाने मुलाला दिलेले. ज्याला यंत्र चूक समजते, ते त्याचे व्याकरण आहे. म्हणून आता आम्ही ती सोय बंद ठेवतो, आणि मोजलेली अंतरेच ठोक्यांना देतो. आमच्या माणसांच्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे.

मात्र मुक्त साधन मिळाले म्हणजे मुक्ती मिळाली, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे त्या ठरावाने सर्वांना खुले झाले. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. खुले असणे आणि हाती येणे यांत एक सत्याग्रह असतो. संगणक, वीज, इंग्रजीत लिहिलेल्या सूचना, हे आजच्या तळ्याचे काठ आहेत. ते आपणच उतरायचे आहेत.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यातला एक वादक गाठा. त्याची संमती घ्या. ध्वनिमुद्रण कोणी, कशासाठी वापरायचे हे त्याला ठरवू द्या, आणि ते लिहून ठेवा. कागदाच्या माथ्यावर ठेक्याचे नाव, गावाचे नाव आणि त्याची इच्छा असेल तर त्याचे नाव घाला. लिहिलेला ठेका त्यालाच वाजवून दाखवा. तो ‘हे माझे नव्हे’ म्हणाला तर खोडून पुन्हा लिहा. त्याच्या घरातली शाळेत जाणारी मुलगी असेल, तर ही लिपी आधी तिला शिकवा. हलगी तिच्या हाती द्यायची की नाही, ते तिचे ती ठरवील. पण ठरवायच्या वेळी तिच्यापुढे दवंडीची आठवण असेल, तसा आपल्या घराच्या विद्येचा कागदही असला पाहिजे.