मुलाचा अंगठा सरळ होत नाही? ‘ट्रिगर थंब’ म्हणजे काय?

एक-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचं टोक वाकलेलं दिसतं आणि ते सरळ होत नाही. मूल पडलं असेल, हाड मोडलं असेल, अशी शंका घरात येते. पण सूज नाही, मूल रडत नाही, त्याच हाताने खेळतंय. अशा वेळी कारण बहुधा ‘ट्रिगर थंब’ असतं.

नेमकं काय होतं?
अंगठा वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, अंगठ्याच्या मुळाशी एका अरुंद कड्यातून सरकते. तिथे टेंडन जाड होऊन गाठ तयार होते आणि ती कड्यापाशी अडकते. तळहाताच्या बाजूने ही गाठ बोटाला लागते. फ्रेंच डॉक्टर अल्फोन्स नोट्टा यांनी १८५० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला ‘नोट्टाची गाठ’ म्हणतात.

एक वर्षाच्या हजार मुलांपैकी साधारण तिघांना हा त्रास होतो. काहींचे दोन्ही अंगठे वाकतात. नवजात बाळांच्या तपासणीत तो सहसा आढळत नाही. त्यामुळे ‘गरोदरपणात आईचं काही चुकलं’ या बोलण्याला आधार नाही.

उपचार कोणते?

• वाट पाहणं: दक्षिण कोरियातील २००८ च्या एका अभ्यासात उपचाराविना ठेवलेल्या ७१ अंगठ्यांपैकी ६३ टक्के आपोआप बरे झाले. मात्र त्याला साधारण चार वर्षं लागली.

• स्प्लिंट: अंगठा सरळ ठेवणारी पट्टी. काहींना फायदा होतो, पण ती कित्येक महिने लावावी लागते आणि लहान मुलं ती काढून टाकतात.

• शस्त्रक्रिया: पूर्ण भूल देऊन, छोटा छेद घेऊन ते कडं मोकळं करतात. मूल बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातं. पुन्हा अडकण्याचं प्रमाण कमी आहे. भुलेचा धोका, जंतुसंसर्ग आणि जवळच्या नसेला इजा या गोष्टी सर्जनशी आधीच बोलून घ्या.

मोठ्यांना देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन लहान मुलांना सहसा देत नाहीत.

घाई करावी का?
ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. काही महिने थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. पण अंगठा घट्ट अडकलेला असेल, वाकडेपणा वाढत असेल किंवा दुखत असेल, तर निर्णय लांबवू नका. तेल लावून जोरात ओढू नका. त्याने गाठ सुटत नाही, मुलाला मात्र दुखतं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?
अंगठा सरळ होत नाही हे लक्षात आल्यावर एकदा बालरोगतज्ज्ञ किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. निदान सहसा हात तपासूनच होतं. सूज, ताप किंवा नुकतीच इजा असेल, तर त्याच दिवशी जा. अंगठ्याऐवजी दुसरं बोट अडकत असेल, तर वेगळी तपासणी लागते. त्यामागे कधी कधी दुसरा आजार असतो आणि फक्त कडं मोकळं करून भागत नाही.