कोल्हापूर : नाव आधी की गोष्ट आधी?

मी हुपरीचा. पीएचडी गावांच्या नावांवर करतोय म्हटलं, की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला: "मग कोल्हापूर हे नाव कशावरनं पडलं, सांग बघू!" आणि उत्तरही विचारणाऱ्याकडे तयारच असतं. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, मरताना त्यानं नाव मागून घेतलं. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फुटतो, तो याच युद्धाची आठवण म्हणून. कुणी गमतीनं म्हणतं, इथं कोल्हे फार होते!

आमच्या अभ्यासात पहिला नियम असा: आजचं रूप फोडायचं नाही, सर्वांत जुनं लिखित रूप शोधायचं. शिलाहारांच्या लेखांत 'कोल्लापुर' येतं. त्यात 'ह' नाहीच, म्हणजे कोल्हे बाद. शके 1065 (इ.स. 1143) च्या विजयादित्याच्या लेखात तर 'क्षुल्लकपुर' असं रूप येतं. क्षुल्लक म्हणजे लहान, आणि जैनांमध्ये साधूची एक पायरीसुद्धा. पण लेख जैन दानाचा आहे, त्यामुळे चालू नावाला संस्कृत कपडे चढवले असतील, अशीही शंका घ्यावी लागते.

तिसरा दावा कन्नडचा. कोळ्ळ म्हणजे दरी, कोळ म्हणजे तळं. तळ्यांच्या या गावाला ते शोभतंही. अडचण एकच: लेखांत 'ल' आहे, 'ळ' नाही, आणि कन्नड लिपी हा फरक नीट पाळते. कन्नडचं नाव काढलं की इकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण शिलाहारांचे इथले बरेच लेख कन्नडमध्येच आहेत. आजचा सीमावाद बाराव्या शतकावर लादून कसं चालेल?

दुसरं नाव करवीर. करवीर म्हणजे कण्हेर. अमेरिकेतल्या शिकागोचं नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या रानकांद्यावरून आलंय, असं मानतात. तो कांदा नेमका कुठला, यावर तिथंही वाद झालाच.

मग कोल्हासुराची गोष्ट खोटी? तसं नाही. ती नाव कुठून आलं हे सिद्ध करत नाही. लोकांनी ते नाव आपलं कसं करून घेतलं, हे सांगते. माझ्या वहीत 'कोल्ल' पुढे अजून प्रश्नचिन्हच आहे. कोहळा मात्र दरवर्षी फुटतो.